सामायिक गाळ्यातील सरफेस ग्राइंडर : बटण दाबण्यापूर्वीचा धडा



कळंबोलीचा लोखंड बाजार आपल्यापैकी बहुतेकांच्या पायाखालचा आहे. मुंबईत कर्नाक बंदर आणि दारूखाना भागात दाटीवाटीने चालणारा लोखंडाचा व्यापार शहराबाहेर यावा म्हणून सिडकोने हा बाजार येथे वसवला. प्लेटी, अँगल, चॅनेल, पत्र्याची बंडले, क्रेन आणि ट्रेलरच्या रांगा हे त्याचे सर्वांना दिसणारे रूप. पण बाजार जेथे उभा राहतो तेथे त्याच्या आडोशाने लहान कामाचे गाळेही उभे राहतात. पत्रा कातरणाऱ्या मशीनची पाती बोथट होतात, ती धारेला लावावी लागतात. पंच-डायच्या प्लेटी सपाट कराव्या लागतात. तळोज्याच्या कारखान्यांतून फिक्स्चर आणि पॅकिंग ब्लॉकची कामे येतात. ही सर्व कामे शेवटी एका मशीनवर येऊन थांबतात. ते मशीन म्हणजे सरफेस ग्राइंडर.

नवे मशीन घेणे प्रत्येकाला झेपत नाही. म्हणून तिघे-चौघे मिळून प्रागा किंवा एचएमटीचे जुने मशीन घेतात, एका गाळ्यात बसवतात आणि वेळ वाटून घेतात. भाडे वाटले जाते, विजेचे बिल वाटले जाते. या व्यवस्थेत गैर काही नाही. लहान माणसाला धंद्यात पाय रोवायचा तर अशीच भागीदारी उपयोगी पडते. परंतु सामायिक मशीनचा एक वेगळा धोका असतो. लेथवर किंवा ड्रिलवर आधीच्या माणसाने केलेली चूक बहुधा डोळ्यांना दिसते. ग्राइंडरच्या चाकातील चूक दिसत नाही. ती चाकाच्या पोटात राहते आणि पुढच्या माणसाच्या हातात फुटते.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमच्याच हातून घडलेली गोष्ट आधी सांगतो, मग धड्याकडे वळू.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी मिळून एका गाळ्यात सरफेस ग्राइंडर चालवायला घेतला होता. गाळ्याचा नियम साधा होता : ज्याच्या हातून चाक फुटेल त्याने नवे चाक आणायचे. नियम न्यायाचा वाटत होता. एका संध्याकाळी आम्ही कातरीच्या पात्याचे काम उरकत होतो. गिऱ्हाईक दारात उभे, टेम्पो सुरू. घाईत पात्याचा उंच भाग न शोधता आम्ही चाक खाली घेतले आणि टेबल ओढले. चाक पात्याला धडकले, पाते चकवरून तिरके झाले. आम्ही चाक वर घेतले, पाहिले. कोठे टवका उडालेला दिसला नाही. पाते पुन्हा बसवले, काम पुरे केले, मशीन बंद केले आणि घरी गेलो. कोणाला काही बोललो नाही. बोललो असतो तर चाकाचे पैसे आमच्या अंगावर आले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागीदाराचा पुतण्या मशीनवर आला. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, काम शिकत होता. त्याच्या चाचांनी त्याला एकच गोष्ट पक्की शिकवली होती : "बेटा, बटण दाबलेस की मशीनच्या समोर उभे राहायचे नाही. बाजूला हो आणि एक मिनिट घड्याळ बघ." मुलगा बाजूला झाला. अर्ध्या मिनिटातच चाक फुटले. मोठे तुकडे गार्डने आत अडवले. एक तुकडा पुढच्या उघड्या भागातून सुटला आणि समोरच्या पत्र्याला पोचा पाडून गेला. तेथून उडालेली चीप मुलाच्या हाताला लागली, तीन टाके पडले. तो समोर उभा असता तर तो तुकडा कोठे लागला असता, हे पत्र्यावरचा पोचा पाहून कळत होते. तो छातीच्या उंचीवर होता.

त्या दिवशी आम्ही चाचांना सर्व सांगितले. ते इतकेच म्हणाले, "पैसे वाचले तुमचे?" याला उत्तर नव्हते. पुढे आम्ही गाळ्याचे नियम बदलले. ते शेवटी देत आहोत. आधी चाकाची ओळख.

चाक म्हणजे काय, आणि ते का फुटते

ग्राइंडिंगचे चाक हा एकसंध दगड नाही. ते धारदार कणांचे आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या बाँडचे बनलेले असते. पूर्वी वाळूच्या दगडाची चाके वापरत. इंग्लंडमधील शेफिल्ड गावात सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे कारागीर अशा दगडांवर काम करीत. दगड फुटून माणसे मरत आणि जी वाचत त्यांची फुप्फुसे दगडाच्या धुळीने लवकर निकामी होत. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन याने विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केले आणि कृत्रिम चाकांचा काळ आला. आपल्या रायगड जिल्ह्याचाही या धंद्याशी जुना संबंध आहे. ग्राइंडवेल कंपनीने १९४१ साली उरणजवळच्या मोरा येथे चाके बनवण्यास सुरुवात केली. म्हणजे जे चाक आपण हातात धरतो त्याचा भारतातील जन्म आपल्या शेजारचा आहे.

सरफेस ग्राइंडरवर बहुधा व्हिट्रिफाइड, म्हणजे चिनी मातीच्या भांड्याप्रमाणे भट्टीत भाजलेल्या बाँडचे चाक असते. चिनी मातीची बशी जशी वाकत नाही, थेट तडकते, तसेच हे चाक. ते दाब सोसते, परंतु ठोका आणि ताण सोसत नाही. चाक फिरू लागले की त्याचा प्रत्येक कण बाहेर पळू पाहतो. बारीकशी चीर असली तर हा ताण ती उघडतो आणि चाक फाकते.

हा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, हे नीट समजून घ्यावे. हिशेब सोपा आहे. चाकाचा व्यास २०० मिलिमीटर म्हणजे घेर सुमारे ०.६२८ मीटर. मोटार मिनिटाला २८०० फेरे देते. ०.६२८ ला २८०० ने गुणून ६० ने भागा. सेकंदाला सुमारे २९ मीटर. ताशी हा वेग १०५ किलोमीटर होतो. कळंबोलीहून निघणाऱ्या पुण्याच्या द्रुतगती मार्गावर भरधाव मोटार जाते, तो हा वेग. आणि त्या वेगाने फिरणाऱ्या वस्तूपासून आपले तोंड हातभर अंतरावर असते.

आता कोणी म्हणेल की मोठे चाक जास्त टिकते, गार्ड काढून २५० मिलिमीटरचे चाक बसवू. त्याच मोटारीवर त्या चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३६.६ मीटर होईल. वेग सव्वा पट झाला, पण ताण दीडपटीहून जास्त झाला. चाकाच्या लेबलवर ३३ मीटर लिहिले असेल तर आपण मर्यादा ओलांडली, आणि वर गार्डही काढून ठेवले. अशी काटकसर करू नये.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३० व्या कलमात म्हणूनच लिहिले होते की ग्राइंडिंगच्या प्रत्येक मशीनजवळ पाटी असावी, आणि तीवर चाकाचा कमाल सुरक्षित वेग, शाफ्टचा वेग आणि पुलीचा व्यास नोंदलेला असावा. २०२० साली संसदेने कामाच्या जागेच्या सुरक्षेची नवी संहिता मंजूर केली. तीन-चार माणसांच्या गाळ्याला जुना कायदाही सहसा लागत नसे. पण आत माणसे किती आहेत हे चाक मोजत नाही. पाटी लावायला एक पत्र्याचा तुकडा आणि थोडा रंग पुरतो. ती लावावी.

चाक निवडणे

साध्या आणि कठीण पोलादाला अॅल्युमिनियम ऑक्साइडचे चाक चालते. कडक केलेल्या डाय स्टीलला पांढरे चाक बरे. बिडाला आणि कार्बाइडला सिलिकॉन कार्बाइड लागते. कार्बाइडच्या टिपांसाठी हिरवे चाक किंवा डायमंडचे चाक घेतात. चाकावरील अक्षरे वाचायला शिकावे. उदाहरणार्थ ए ४६ के ५ व्ही. यात ए म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड, ४६ म्हणजे कणाची जाडी, के म्हणजे चाकाचा कडकपणा, ५ म्हणजे कणांची मांडणी किती विरळ, आणि व्ही म्हणजे व्हिट्रिफाइड. कडक लोखंडाला मऊ चाक आणि मऊ लोखंडाला कडक चाक, हा ढोबळ नियम ध्यानात ठेवावा. कठीण जॉबवर कणांची धार लवकर जाते, म्हणून बोथट कण सोडून देणारे मऊ चाक हवे.

अॅल्युमिनियम किंवा पितळ पोलादाच्या चाकावर घासू नये. मऊ धातू चाकाच्या छिद्रांत भरते, चाक कापणे सोडून घासू लागते, तापते, आणि तापलेले चाक तडकते. सामायिक गाळ्यात हा प्रकार फार होतो. एकाने दुपारी अॅल्युमिनियमची प्लेट घासली, चाक चमकदार झाले आणि संध्याकाळी दुसऱ्याने त्याच भरलेल्या चाकावर डाय घेतली. शिवाय अॅल्युमिनियमची भुकटी आणि लोखंडाची भुकटी एकाच धूळपेटीत साठू देऊ नये. ठिणगी पडली तर ती आग साधी नसते, आणि तीवर पाणी मारणे धोक्याचे असते.

बसवण्यापूर्वी आवाज ऐका

कुंभाराकडून मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतो. चाकाचेही तसेच. चाक कोरडे आणि स्वच्छ करा. भोकात बोट घालून किंवा दांड्यावर टांगते धरा. स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने बाजूवर हलकेच टिचकी मारा. उभ्या मध्यरेषेपासून पंचेचाळीस अंश डावीकडे आणि उजवीकडे, कडेपासून एक ते दोन इंच आत. मग चाक थोडे फिरवून पुन्हा तसेच करा. आवाज स्वच्छ, खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर चाक बाद. ओल्या चाकाचा आवाज बद्दच येतो, म्हणून आधी वाळवावे. रेझिन बाँडच्या चाकाचा आवाज मुळात कमी खणखणीत असतो, तेव्हा त्या जातीच्या नव्या चाकाशी ताडून पाहावे.

बाद झालेले चाक कोपऱ्यात ठेवू नका. कोणी तरी ते "अजून चालेल" म्हणून उचलतो. तेथेच फोडून टाका.

कोकणच्या पावसात चाके जमिनीवर, भिंतीच्या ओलीला टेकवून ठेवू नयेत. लाकडी खणात उभी ठेवावीत. फार पातळ चाके सपाट जागेवर आडवी ठेवावीत. रेझिन बाँडच्या चाकावर वापराची शेवटची तारीख छापलेली असते, ती पाहावी.

बसवण्याची रीत

१. आधी विजेचा मुख्य स्विच बंद.

२. चाक स्पिंडलवर सहज सरकले पाहिजे. अडले तर ठोकू नये, सैल असले तर कागद गुंडाळून बसवू नये. ते चाक त्या स्पिंडलचे नव्हे.

३. दोन्ही बाजूंच्या फ्लँज सारख्या व्यासाच्या, आणि चाकाच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश असाव्यात. २०० मिलिमीटरच्या चाकाला ६७ मिलिमीटरपेक्षा लहान फ्लँज नको.

४. चाकाच्या दोन्ही बाजूंना कागदाचे ब्लॉटर असावेत. फ्लँजचा दाब ते सर्वत्र सारखा पोचवतात. सुंदर दिसावे म्हणून ते खरवडून काढणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. त्यांनी चाकाची गादीच काढून टाकली.

५. नट पान्याने बेताचा आवळावा. पाइप घालून आवळलेला नट चाकाला आतूनच चीर पाडतो.

६. गार्ड बसवा. हाताने चाक फिरवून कोठे घासत नाही ना, ते पाहा. मग वीज द्या, बाजूला व्हा, एक मिनिट मोकळे फिरू द्या. ज्या बाजूला ठिणग्या जातात त्या बाजूला कोणी उभे नको. शेजारच्या बाकावर बसलेला फिटरही नको.

चाक थरथरत असेल तर ते बॅलन्स झालेले नाही. फ्लँजवरची वजने सरकवून ते बॅलन्स करावे. थरथर सोसून काम करण्याने जॉबवर लाटा येतात, बेअरिंग जाते, आणि चाकही.

ड्रेसिंग

चाक गोल आणि धारदार करण्यासाठी एका टोकाचा डायमंड ड्रेसर लागतो. तो मॅग्नेटिक चकवर ठेवून चक सुरू आहे याची हाताने ढकलून खात्री करावी. डायमंड चाकाच्या बरोबर खाली ठेवू नये. चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेला मध्यरेषेच्या किंचित पुढे ठेवावा आणि दहा-पंधरा अंश तिरका धरावा. म्हणजे तो चाकात रुतत नाही. एका वेळी दोन-तीन शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त घेऊ नये. पाणी द्यायचे तर सुरुवातीपासून भरपूर द्यावे, नाही तर मुळीच देऊ नये. तापलेल्या डायमंडवर मध्येच पाणी पडले तर तो तडकतो. ड्रेसिंगची धूळ सर्वांत वाईट. त्या वेळी तोंडावर चांगला मास्क असावा. गळ्यातला रुमाल तोंडाला गुंडाळणे पुरत नाही.

जॉब धरणे

सरफेस ग्राइंडरवरचे अपघात केवळ चाकाचे नसतात, सुटलेल्या जॉबचेही असतात. आमचाही जॉबच सुटला होता. चकचा वरचा भाग आणि जॉबचा खालचा भाग स्वच्छ पुसा, बरी काढा. चक सुरू करा आणि मग जॉब हाताने जोराने ढकलून पाहा. हललाच नाही पाहिजे. "बसला असेल" हा शब्द या मशीनवर वापरू नये.

लहान जॉब, पातळ जॉब, किंवा उंच पण तळ लहान असलेला जॉब केवळ चुंबकावर सोडू नका. चाक जिकडे ढकलते तिकडे आणि बाजूंना लोखंडी पट्ट्यांचा आडोसा द्या. पट्ट्या जॉबपेक्षा कमी उंचीच्या पण शक्य तितक्या मोठ्या असाव्यात. पितळ, अॅल्युमिनियम आणि ३०४ जातीचे स्टेनलेस चुंबकाला धरत नाहीत; ते व्हाइसमध्ये धरून व्हाइस चकवर ठेवावा.

विजेच्या चुंबकाचा एक धोका आपल्याकडे विशेष आहे. वीज गेली की चुंबकाची पकड सुटते. चाक मात्र आपल्या वजनाने फिरत राहते. वीज जाताच हात टेबलावरून काढा, जॉबला हात लावू नका, चाक पूर्ण थांबेपर्यंत बाजूला उभे राहा. वीज परत येताना मशीन आपोआप सुरू होऊ नये म्हणून स्विच बंद करून ठेवा. हातदांड्याच्या कायम चुंबकाला ही अडचण नसते.

चाक जॉबला टेकवणे

आम्ही जेथे चुकलो ती जागा हीच. कापलेली प्लेट किंवा वापरलेले पाते कधीच सपाट नसते. जेथे चाक टेकवले तेथे ते सखल आणि दोन बोटे पुढे उंच असते. म्हणून आधी उंच भाग शोधा. चाक जॉबच्या वर ठेवून टेबल हाताने सर्वत्र फिरवून पाहा. कागदाची चिठ्ठी सरकते का ते चाक बंद असताना पाहा. मग चाक सुरू करून शतांश मिलिमीटरच्या एका-एका घराने खाली या. पहिली ठिणगी दिसली की तेथून मोजणी सुरू.

हाताने चालवायच्या मशीनवर रफ कामाला एक-दोन शतांश आणि शेवटच्या हाताला अर्धा शतांश पुरे. शेवटी चाक खाली न घेता दोन-तीन फेरे द्या. ठिणग्या आपोआप कमी होतील आणि पृष्ठभाग साफ येईल. जास्त कापले म्हणजे काम लवकर होते, हा भ्रम आहे. जॉब जळतो, निळा पडतो, वाकतो, आणि गिऱ्हाईक परत आणून टाकते. सरळ चाकाच्या बाजूने दाबून घासू नये. ते चाक कडेने कापण्यासाठी बनवले आहे. आणि चाक फिरत असताना जॉब मोजू नये, पुसू नये. टेबल दूर घ्या, चाक थांबवा, मग मायक्रोमीटर काढा.

पाण्याची एक गोष्ट

काम संपल्यावर आधी पाणी बंद करा आणि चाक दोन मिनिटे कोरडे फिरू द्या. चाक सच्छिद्र असते. ओले चाक थांबवले की रात्रभर पाणी खालच्या अर्ध्या भागात उतरते. सकाळी तो भाग जड असतो. चाक बॅलन्स सोडून फिरते, आणि ज्याने चूक केली तो नव्हे तर सकाळी येणारा ते भोगतो. जुम्याच्या नमाजाला किंवा जेवणाला उठतानाही हेच करावे. मशीन "दहा मिनिटांसाठी" चालू ठेवून कोणी बाहेर जाऊ नये.

अंगावरचे कपडे आणि डोळे

कुडत्याच्या सैल बाह्या, गळ्यातला रुमाल, अंगठी, मनगटातला दोरा, गळ्यातला तावीज यांपैकी काही मशीनजवळ लोंबत नसावे. हातमोजे घालून फिरत्या चाकाजवळ जाऊ नये. मोजा ओढला गेला तर बोटही जाते. डोळ्यांना बाजूने बंद असलेला गॉगल हवा. साधा चष्मा पुरत नाही. गाळ्यात चार माणसे तर गॉगल चार असावेत, कारण एकच गॉगल नेहमी दुसऱ्याच्या खिशात असतो.

डोळ्यात कण गेला तर चोळू नका. काडीने, रुमालाच्या टोकाने किंवा चुंबकाने काढणारे हौशी वैद्य प्रत्येक बाजारात भेटतात. त्यांना दूर ठेवा. स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. कण निघाला नाही, किंवा तो रुतलेला असेल तर चोळता-दाबता न करता डोळा झाकून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. लोखंडाचा कण डोळ्यात राहिला तर गंजतो. एक दिवसाची मजुरी वाचवून डोळा गमावलेला कारागीर पुढे मायक्रोमीटर कसा वाचणार?

आमच्या गाळ्याचे बदललेले नियम

त्या अपघातानंतर चाचांनी जुना नियम रद्द केला. ते म्हणाले की चाक फोडणाऱ्याला दंड लावला म्हणून माणसे लपवू लागली, आणि लपवण्याची किंमत एका मुलाने दिली. दंडाच्या जागी त्यांनी महिन्याची वर्गणी ठेवली. चाकाचे पैसे त्या डब्यातून जातात, मग ते कोणाच्याही हातून फुटो. खर्च पूर्वीपेक्षा फारसा वाढला नाही. फरक इतकाच पडला की माणसे बोलू लागली. सामायिक गाळा चालवणाऱ्या बांधवांनी निदान ही गोष्ट आमच्याकडून उचलावी. पुढील नियम मोठ्या अक्षरांत लिहून मशीनजवळ लावावेत :

१. मशीनला एक वही बांधलेली असेल. तारीख, नाव, कोणता धातू, ड्रेसिंग केले की नाही, हे प्रत्येकाने लिहायचे.

२. चाकाला ठोका लागला, जॉब उडाला, आवाज बदलला, तर तेथेच मशीन बंद. स्विचवर लाल चिंधी बांधायची आणि वहीत लिहायचे. लिहिणाऱ्याला कोणी बोल लावायचा नाही.

३. लाल चिंधी असेल तर चाक उतरवून आवाज तपासल्याशिवाय कोणीही बटण दाबायचे नाही. गिऱ्हाईक दारात असले तरी नाही.

४. चाक बसवणे आणि ड्रेसिंग हे ज्यांना येते त्यांची नावे भिंतीवर. इतरांनी हात लावायचा नाही.

५. अठरा वर्षांखालील मुलाला मशीनवर उभे करायचे नाही.

६. गार्ड काढायचे नाही.

७. सुरुवातीचे एक मिनिट बाजूला उभे.

८. शेवटची दोन मिनिटे पाणी बंद, चाक चालू.

९. अॅल्युमिनियम आणि पितळ या चाकावर नाही.

१०. घाईचे काम आले तर ज्याचे काम त्याने गिऱ्हाइकाला चहा पाजावा. मशीनला घाई करू नये.

बांधवांनो, या दहा नियमांत खर्चाचे असे फारसे काही नाही. वही, चिंधी, चार गॉगल आणि एक पाटी. अवघड नियम दुसरा आहे, कारण त्यात आपली चूक आपल्या तोंडाने सांगावी लागते. त्या संध्याकाळी तो आम्हाला जमला नाही. तो मुलगा आज स्वतः मिस्त्री आहे. हातावरच्या टाक्यांची खूण तो शिकाऊ मुलांना दाखवतो आणि बटण दाबून बाजूला व्हायला शिकवतो. खूण कोणामुळे पडली हे तो सांगत नाही. म्हणून आम्ही येथे सांगितले.